बोलोग्नेसी कुटुंब आणि १८७९-८३ चं युद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरूच्या बोलोग्नेसी घराण्याबद्दल मी लिहायला लागल्यापासून तेच ते प्रश्न वेगवेगळ्या वाचकांकडून येत राहिले आहेत. बहुतेकांना वडिलांचं एक वाक्य ठाऊक असतं. मुलांची नावं फार थोड्यांना माहीत असतात. म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ लागला तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. थोडक्यात सांगा, या कुटुंबातलं नेमकं कोण कोण गेलं?

वडील आणि दोन मुलगे. कर्नल फ्रान्सिस्को बोलोग्नेसी ७ जून १८८० रोजी आरिकाच्या लढाईत पडले. त्यांचे मुलगे एन्रिके आणि आउगुस्तो जानेवारी १८८१ मध्ये राजधानी लिमाच्या रक्षणासाठी झालेल्या सान हुआन आणि मिराफ्लोरेसच्या लढायांमध्ये गेले. म्हणजे आठ महिन्यांच्या आत एका घरातले तीन पुरुष.

२. हे युद्ध कोणामध्ये झालं आणि कशावरून?

एका बाजूला चिली, दुसऱ्या बाजूला पेरू आणि बोलिव्हिया. इतिहासात याला ‘पॅसिफिकचं युद्ध’ म्हणतात, पण ‘सोऱ्याचं युद्ध’ हे त्याचं दुसरं नाव मला जास्त खरं वाटतं. आताकामाच्या वाळवंटात सोऱ्याचे प्रचंड साठे होते आणि त्या काळी खतालाही सोरा लागे, दारूगोळ्यालाही. बोलिव्हियाचा तेव्हा समुद्रकिनारा होता. तिथल्या अँतोफागास्तामध्ये सोरा काढणाऱ्या, चिलीचं भांडवल असलेल्या कंपनीवर बोलिव्हियाने १८७८ मध्ये प्रत्येक क्विंटलमागे दहा सेंताव्होंचा कर लावला. आधीच्या करारानुसार असा नवा कर लावता येत नाही, असं चिलीचं म्हणणं होतं. वाद चिघळला. १४ फेब्रुवारी १८७९ ला चिलीच्या फौजा अँतोफागास्तात उतरल्या. पेरूने बोलिव्हियाशी १८७३ मध्येच संरक्षणाचा गुप्त तह केलेला असल्यामुळे तोही ओढला गेला आणि ५ एप्रिल १८७९ ला चिलीने दोघांविरुद्ध युद्ध पुकारलं.

दहा सेंताव्हो ही ठिणगी. पण सोऱ्याची खाणपट्टी पेरूच्या तारापाका प्रांतातही होती, आणि युद्ध संपल्यावर तो प्रांत चिलीकडे गेला. यावरून काय ते ओळखावं.

३. नाव कसं म्हणायचं? बोलोग्नेसी, बोलोनेसी की बोलोन्येझी?

आडनाव इटालियन आहे. इटलीत ते ‘बोलोन्येझी’ होईल. पेरूतले लोक स्पॅनिश वळणाने ‘ग’चा उच्चार हलकेच करतात, म्हणून मी ‘बोलोग्नेसी’ लिहिते. फ्रान्सिस्कोंचे वडील आंद्रेस इटलीहून आलेले संगीतकार होते आणि लिमाच्या कॅथेड्रलमधल्या संगीताची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आईचं नाव हुआना सेर्व्हांतेस. स्पॅनिश रीतीप्रमाणे वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लागतात, म्हणून पूर्ण नाव फ्रान्सिस्को बोलोग्नेसी सेर्व्हांतेस.

४. ते पहिल्यापासून सैनिकच होते का?

नाही, आणि हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. त्यांचा जन्म लिमाचा, ४ नोव्हेंबर १८१६ चा, पण वाढले आरेकिपात. शिक्षण झाल्यावर तिथेच पेढीवर काम केलं. पुढे काराबायाच्या डोंगराळ जंगलपट्टीत स्वतःचा व्यापार केला: कोकाची पानं आणि सिंकोनाची साल. आपल्याकडे जिला कोयनेल म्हणत ती हिवतापाची कडू पूड याच सालीची.

१८५३ मध्ये बोलिव्हियाशी युद्धाचं वातावरण तापलं तेव्हा ते सैन्यात शिरले. तेव्हा वय छत्तीस-सदतीस. पुढे पेरूच्या यादवी लढायांमध्ये लढले, जखमी झाले, तोफखान्यात नाव कमावलं, तोफा खरेदी करायला युरोपातही जाऊन आले आणि शेवटी सैन्यातून निवृत्त झाले.

५. मग साठी उलटल्यावर निवृत्त माणसाला पुन्हा लढायला का पाठवलं?

पाठवलं नाही, ते आपणहून गेले. युद्ध सुरू झालं तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. त्यांना दक्षिणेच्या फौजेत एका तुकडीचं नेतृत्व मिळालं. नोव्हेंबर १८७९ मध्ये तारापाका प्रांतातल्याच सान फ्रान्सिस्कोच्या लढाईत पेरू-बोलिव्हियाचा पराभव झाला आणि आठच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, तारापाकाच्या लढाईत पेरूला विजय मिळाला. तारापाकात बोलोग्नेसी अंगात ताप असताना लढले. पण त्या विजयाचा फायदा उठवायला फौजेकडे ना घोडदळ होतं ना रसद. प्रांत सोडून वाळवंटातून उत्तरेला, आरिकाकडे चालत जावं लागलं. ही पायपीट त्यांनी त्या वयात केली.

६. आरिका एवढं महत्त्वाचं का होतं?

कारण ते बंदर होतं, आणि त्या बंदरावर उभा आहे ‘मोर्रो’: समुद्राच्या अंगाला थेट तुटलेला, सुमारे १३० मीटर उंचीचा कडा. वर तोफा, खाली समुद्र. दक्षिणेकडच्या फौजेला रसद इथूनच मिळे. एप्रिल १८८० पासून बोलोग्नेसी या ठाण्याचे प्रमुख होते.

२६ मे १८८० ला जवळच्या ताक्नाबाहेर ‘आल्तो दे ला आलिआन्सा’ या पठारावर पेरू आणि बोलिव्हियाची एकत्रित फौज हरली. बोलिव्हियाचं सैन्य डोंगरापलीकडे निघून गेलं, ते युद्धात पुन्हा उतरलं नाही. पेरूची उरलेली फौज आतल्या भागात मागे हटली. समुद्रावर चिलीची गलबतं, जमिनीवर चिलीची फौज आणि मधे आरिका. दोन हजारांपेक्षा कमी माणसं, आणि समोर त्यांच्या दुपटीहून जास्त.

७. ‘शेवटचं काडतूस’ हे वाक्य त्यांनी खरंच उच्चारलं का? की नंतर कोणी रचलं?

खरंच उच्चारलं. ५ जून १८८० च्या सकाळी चिलीचा मेजर हुआन दे ला क्रूस साल्व्हो पांढरं निशाण घेऊन आला. त्याने सांगितलं की लढणं व्यर्थ आहे, ठाणं सोडलंत तर रक्तपात टळेल. बोलोग्नेसींचं उत्तर असं: ‘माझ्यापुढे पवित्र कर्तव्यं आहेत, आणि शेवटचं काडतूस जाळेपर्यंत मी ती पार पाडीन.’

इथे ‘जाळेपर्यंत’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. मूळ स्पॅनिशमध्ये क्रियापद ‘जाळणं’ हेच आहे. ‘उडवेपर्यंत’ म्हटलं तर मराठीत जास्त सरळ वाटेल, पण त्यातली धग जाते.

ज्या घरात हे घडलं ते घर आजही आरिकात आहे. त्याला ‘उत्तराचं घर’ म्हणतात आणि शहर चिलीत असलं तरी ते घर पेरू सरकारच्या मालकीचं आहे.

८. हा निर्णय त्यांनी एकट्याने घेतला का? बाकीच्यांना मरायचं नसेल तर?

फार महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो विचारायला लोक कचरतात. उत्तर देऊन झाल्यावर बोलोग्नेसींनी साल्व्होला थांबवून ठेवलं आणि आपल्या अधिकाऱ्यांना बोलावलं. आपण काय म्हणालो ते त्यांना सांगितलं आणि त्यांचं मत विचारलं. जमलेल्यांनी एकमुखाने होकार दिला.

पण आरिकातला प्रत्येक जण तसाच होता असं नाही. ठाणं लढवायचं की नाही यावर आधीच चर्चा झाली होती. एका पलटणीच्या प्रमुखाने विरोध केला आणि हल्ल्यापूर्वी तो निघून गेला. पेरूतल्या शाळांमध्ये हा भाग फारसा सांगत नाहीत. मला वाटतं सांगायला हवा, कारण जाण्याची वाट होती आणि तरीही उरलेले राहिले, हे त्याशिवाय कळत नाही.

साध्या शिपायांना मात्र कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं.

९. मदत का आली नाही?

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त छळणारा भाग हाच आहे.

आरेकिपाहून कर्नल सेगुंदो लेइव्हा यांची एक फौज दक्षिणेकडे निघालेली होती. ताक्ना हरल्यावर आरिकाची सगळी आशा तिच्यावर. बोलोग्नेसी तारांमागून तारा करत राहिले. ‘लेइव्हा, घाई करा’ हे शब्द त्या तारांमधले. शेवटच्या तारांपैकी एकीत ते म्हणतात की विजयी शत्रूचं अजून मोठं नुकसान करता येईल, आरिका शरण जाणार नाही, बलिदानापर्यंत टक्कर देईल.

लेइव्हा आले नाहीत. ताक्नाची बातमी कळल्यावर त्यांची फौज मागे फिरली. ताक्नाहून निसटलेली मुख्य फौजही आरिकाकडे वळली नाही, आणि ती कुठे गेली हे आरिकाला कितीतरी दिवस कळलंच नाही. लष्करी हिशेबाने पाहिलं तर लेइव्हांची थोडी माणसं वेळेवर पोचली असती तरी निकाल बदलला असता असं म्हणता येत नाही. पण ‘येत नाही’ असं कळवायलाही कोणी नसावं आणि एका म्हाताऱ्या कर्नलाने वाट बघत राहावं, याचा राग मला अजून येतो.

१०. ७ जूनला नेमकं काय झालं?

त्याआधी एक घात झाला होता. इंजिनियर तेओदोरो एल्मोरे यांनी ठाण्याभोवती सुरुंग पेरले होते, आणि २ जूनला एल्मोरेच चिलीच्या हाती लागले. ६ जूनला चिलीने त्यांनाच शरणागतीचा निरोप घेऊन परत पाठवलं. तोही नाकारला गेला.

७ जूनला पहाटे, उजाडायच्या सुमारास, कर्नल पेद्रो लागोस यांच्या फौजेने हल्ला चढवला. तोफा बव्हंशी समुद्राकडे आणि उत्तरेकडे रोखलेल्या, आणि हल्ला आला पूर्वेच्या टेकड्यांकडून. ‘सिउदादेला’ आणि ‘एस्ते’ हे दोन किल्ले आधी पडले. सिउदादेलात सुरुंग फुटून चिलीचे सैनिक मेले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी चिडून शरण येणाऱ्यांनाही सोडलं नाही. जखमींना जागीच संपवण्याला पेरूत ‘रेपासो’ म्हणतात. हा शब्द या युद्धानेच तिथल्या भाषेत रुजवला.

मग मोर्रो. सगळं मिळून तासाभराचंच काम झालं. माथ्यावर बोलोग्नेसी पडले, त्यांच्याच आसपास नौदलाचे कप्तान हुआन गिएर्मो मोरे पडले. मोरे यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर्षभरापूर्वी, २१ मे १८७९ ला, पाठलाग करताना त्यांचं ‘इंदिपेंदेन्सिया’ हे चिलखती जहाज खडकावर आपटून बुडालं होतं. पेरूच्या आरमाराचा तो निम्मा कणाच मोडला. तो डाग घेऊन ते आरिकात आले होते.

बंदरातलं ‘मांको कापाक’ हे जहाज त्याच्याच खलाशांनी बुडवलं, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून.

११. आल्फोन्सो उगार्ते यांनी खरंच घोड्यासह कड्यावरून उडी मारली का?

पेरूचं प्रत्येक मूल हे चित्र मनात घेऊन वाढतं: हातात झेंडा, पांढरा घोडा, खाली समुद्र. उगार्ते सोऱ्याच्या व्यापारातले श्रीमंत तरुण होते. त्यांनी स्वतःच्या खर्चाने ‘इकिके’ पलटण उभी केली आणि मोर्रोवर ते मारले गेले, एवढं पक्कं. उडीच्या तपशिलाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. माझं मत: घरदार, पैसा आणि युरोपात सुखाने राहण्याची सोय असलेला माणूस त्या कड्यावर थांबला, याला उडीची गरज नाही.

१२. आरिकातून कोणी वाचलं का?

हो, बरेच जण कैद झाले. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध नाव रोके साएन्स पेन्या. ते पेरूचे नव्हतेच, अर्जेंटिनाचे. स्वेच्छेने येऊन लढले, हाताला जखम झाली, कैद भोगली. पुढे १९१० मध्ये ते अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झाले. तिथला गुप्त आणि सक्तीच्या मतदानाचा १९१२ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१३. मुलांबद्दल एवढं कमी का लिहिलं जातं?

कारण त्यांच्याकडे वाक्य नाही. बाप एक उत्तर देऊन गेला. त्याचे मुलगे हजारो इतरांसारखे रांगेत लढून गेले.

१३ जानेवारी १८८१ ला लिमाच्या दक्षिणेला, सान हुआनच्या वाळूच्या टेकड्यांवर पेरूची पहिली फळी फुटली. लागूनचं चोर्रिओस गाव लुटलं आणि जाळलं गेलं. दोन दिवसांनी, १५ तारखेला, तहाची बोलणी चालू असतानाच मिराफ्लोरेसमध्ये लढाई पेटली. तिथल्या बुरुजांवर वकील, विद्यार्थी, दुकानदार अशी नागरी राखीव फौज उभी होती. तीही फळी मोडली आणि १७ जानेवारीला चिलीची फौज लिमात शिरली.

एन्रिके आणि आउगुस्तो याच दोन लढायांचे बळी. वडिलांचं काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी ‘आमच्या घराने पुरेसं दिलं’ असं म्हणून ते मागे राहिले असते तर लिमात कोणी बोट दाखवलं नसतं.

१४. कर्नलच्या पत्नीचं काय झालं? त्यांना पेन्शन वगैरे मिळाली का?

मारिया होसेफा यांच्या नावे २२ मे १८८० ची तारीख असलेलं बोलोग्नेसींचं पत्र पेरूत घरोघर माहीत आहे. ही माझ्याकडून येणाऱ्या शेवटच्या बातम्यांपैकी एक असेल, असं ते सांगतात. तुझं काय होईल, आपल्या मुलीचं काय होईल, असं विचारतात. पळून गेलेले राजकारणी आणि सत्ता बळकावणारे या दोघांनाही ते सारखेच जबाबदार धरतात (कोण ते प्रश्न १५ मध्ये). आणि शेवटी: कधीच काही मागू नकोस, नाहीतर लोकांना वाटेल माझ्या कर्तव्याला किंमत होती. मग मार्गारिताला पापे.

म्हणजे पेन्शनबद्दलचं त्यांचं मत आधीच लिहून ठेवलेलं होतं. मला हे वाक्य उदात्त वाटतं आणि क्रूरही. ज्या बाईला ते लिहिलं, तिला पुढे घर चालवायचं होतं.

१५. ‘पळून गेलेले’ म्हणजे कोण? आणि प्रादो घराण्याचा मुलगाही युद्धात गेला होता ना?

पळून गेलेले म्हणजे राष्ट्राध्यक्ष मारियानो इग्नासियो प्रादो. ऑक्टोबर १८७९ मध्ये आंगामोसच्या लढाईत पेरूचे अॅडमिरल मिगेल ग्राऊ मारले गेले, ‘वास्कार’ जहाज हरलं आणि समुद्र चिलीचा झाला. १८ डिसेंबरला प्रादो, शस्त्रं खरेदीला जातो असं सांगून, देश सोडून निघाले. काही दिवसांतच निकोलास दे पिएरोला यांनी सत्ता हाती घेतली. ते ‘बळकावणारे’.

आणि हो, प्रादोंचा मुलगा गेला. लेओन्सिओ प्रादो, जन्म १८५३, उआनुको. बारा वर्षांचा असताना, १८६६ मध्ये, तो स्पेनच्या आरमाराविरुद्ध लिमाजवळच्या काय्याओ बंदराच्या लढाईत होता. मोठेपणी क्युबाच्या स्वातंत्र्यासाठी लढला आणि १८७६ मध्ये ‘मोक्तेसुमा’ हे स्पॅनिश जहाज साथीदारांसह ताब्यात घेतलं. या युद्धात १८८० मध्ये ताराताजवळ पकडला गेला, चिलीत कैदेत राहिला, सुटला आणि पुन्हा लढायला आला. १० जुलै १८८३ ला उआमाचुकोच्या लढाईत त्याचा पाय मोडला. लपलेल्या जागी तो सापडला आणि १५ जुलैला त्याला बिछान्यातच गोळ्या घातल्या. त्याने कॉफी मागितली आणि कपावर चमचा वाजवून गोळीबाराची खूण स्वतःच दिली, अशी आठवण सांगतात.

मरण्यापूर्वी त्याने वडिलांना चार ओळी लिहिल्या: जखमी आहे, कैदी आहे, देशाचं रक्षण केल्याच्या गुन्ह्यासाठी थोड्या वेळात मला गोळी घालणार आहेत. ज्या बापाला सगळा देश पळपुटा म्हणत होता, त्यालाच. त्यात एकही टोमणा नाही.

१६. पण लेओन्सिओला ‘पुन्हा लढणार नाही’ या वचनावर सोडलं होतं. मग मृत्युदंड नियमाला धरूनच नव्हता का?

चिलीच्या बाजूने हेच कारण दिलं गेलं. त्या काळच्या युद्धरीतीत वचनावर सुटलेला अधिकारी पुन्हा शस्त्रासह सापडला तर त्याला मृत्युदंड देता येई, हे खरं. लेओन्सिओचं म्हणणं असं की परकी फौज देशात बसलेली असताना असं वचन बांधून ठेवत नाही.

दोन्ही बाजू मांडून मी माझं मत सांगते. नियम काहीही असो, लढाई संपून पाच दिवस झाल्यावर उभं राहता न येणाऱ्या माणसाला बिछान्यात मारणं हे मला न्यायात बसवता येत नाही. आणि त्या ठिकाणी कैदी वा जखमी म्हणून मारला गेलेला तो एकटाच नव्हता.

१७. बोलोग्नेसींचं पार्थिव कुठे आहे?

लढाईनंतर बोलोग्नेसी आणि मोरे यांच्यासह काही अधिकाऱ्यांची पार्थिवं ‘लिमेन्या’ या जहाजाने जुलै १८८० मध्ये काय्याओला आणली गेली. १९०८ मध्ये लिमाच्या प्रेस्बितेरो माएस्त्रो दफनभूमीत युद्धवीरांसाठी समाधिघर बांधण्यात आलं, बोलोग्नेसी तिथे आहेत. लिमातलं त्यांचं जन्मघर आता आरिकाच्या लढवय्यांचं संग्रहालय आहे.

१८. लिमातला त्यांचा पुतळा बदलला, हे खरं का?

खरं. १९०५ मध्ये बोलोग्नेसी चौकात स्पॅनिश शिल्पकार आगुस्तिन केरोल यांचा पुतळा बसवला गेला, समारंभाला साएन्स पेन्या (प्रश्न १२) स्वतः आले होते. त्या पुतळ्यात बोलोग्नेसी घायाळ होऊन, झेंड्याला धरून कोसळताना दिसत. अनेकांना तो लटपटणारा वाटला. १९५४ मध्ये तो काढून आर्तेमियो ओकान्या यांचा ताठ उभा पुतळा बसवला. जुना आता काय्याओच्या रेआल फेलिपे किल्ल्यात आहे. मला जुनाच आवडतो. ६३ वर्षांचा माणूस गोळी लागल्यावर तसाच पडेल.

१९. आरिका आज कोणाकडे आहे?

चिलीकडे. १८८३ च्या आंकोनच्या तहात ठरलं होतं की ताक्ना आणि आरिका दहा वर्षं चिलीकडे राहतील आणि मग जनमत घेतलं जाईल. जनमत कधीच झालं नाही. १९२९ मध्ये वाटणी झाली: ताक्ना पेरूला, आरिका चिलीला. मोर्रोच्या माथ्यावर आज चिलीचं संग्रहालय आहे.

२०. ७ जून दोन्ही देशांत पाळतात म्हणे?

हो. पेरूत तो झेंड्याचा दिवस, सैनिक त्या दिवशी निशाणाची शपथ घेतात. चिलीत तो पायदळाचा दिवस, कारण त्यांच्या पायदळाने तो कडा घेतला. दोन्हीकडे त्या सकाळी फौजा कवायतीला उभ्या राहतात, आणि ताक्ना ते आरिका हे अंतर गाडीने तासाभराचं आहे.